शी किती दिवसांनी होते यापेक्षा कशी होते ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परळीजवळच्या गावातून तुम्ही लिहिलंय. घरात दोन लेकरं. धाकटा तीन महिन्यांचा, फक्त अंगावर पितो. त्याला सहा दिवस शी झालेली नाही म्हणून सगळं घर धास्तावलंय. सासूबाई म्हणतात घुटी वाढवा, शेजारच्या काकू म्हणतात विड्याच्या पानाचा देठ लावा. मोठी मुलगी सव्वादोन वर्षांची. तिच्याबद्दल तुम्ही शेवटी चार ओळी लिहिल्यात: रोज किंवा एकाआड एक दिवस होते, पण खडा होतो, फार रडते. जेवत नाही, म्हशीच्या दुधाच्या चार बाटल्या आणि बिस्किटं यावरच आहे. कधी कधी चड्डीला पातळ लागतं. भाकरी तिला जड पडेल म्हणून देत नाही. आणि मग विचारलंय की दोघांचीही पचनशक्ती कमजोर आहे का, टॉनिक कोणतं द्यावं.

मी अंबाजोगाईत सव्वीस वर्षं लेकरांचा दवाखाना चालवतो. परळी, केज, धारूर, रेणापूर या बाजूची लेकरं रोज बघतो. त्यावरून सांगतो की काळजी करायला हवी ती मोठीची. धाकट्याचं बहुतेक काहीच बिघडलेलं नाही. पचनशक्ती दोघांचीही चांगली आहे आणि टॉनिक एकालाही नको. वाईट वाटून घेऊ नका, नवं बाळ आलं की सगळ्या घराचे डोळे त्याच्याकडेच लागतात, आणि आपलं दुखणं सांगता न येणारं मोठं लेकरू मागं राहतं. हे मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

मी लेकराला हात लावलेला नाही, पोट चाचपलेलं नाही, वजनाचा काटा बघितलेला नाही. त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलंय त्यावर बेतलेलं आहे. काही गोष्टी निघाल्या तर माझं मत बदलेल, त्या कोणत्या तेही सांगतो.

आधी धाकट्याचं, कारण ते थोडक्यात आटपण्यासारखं आहे.

आईचं दूध जवळजवळ सगळं अंगी लागतं, मागं उरायला फारसं काही राहत नाही. पहिल्या महिन्यात अंगावरचं बाळ दिवसातून सहा-आठ वेळाही शी करतं, आणि दीड महिन्यानंतर तेच बाळ आठवडाभर, कधी दहा दिवसही करत नाही. दोन्ही ठीक. तुम्ही बघायचं ते एवढंच: शी होते तेव्हा ती मऊ, पिवळसर, पातळ लगद्यासारखी आहे का? बाळ ओढून पितंय का? दिवसातून सहा-सात वेळा लघवी होतेय का? वजन वाढतंय का? पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढ व्हावी, अंगणवाडीत वजन करून कार्डावर बघा. हे सगळं नीट असेल तर सहाव्या दिवशीही वाट बघा. बाळ लालबुंद होऊन दहा मिनिटं कुंथतं, रडतं आणि मग मऊच शी करतं, यालाही लोक बद्धकोष्ठ म्हणतात. ते बद्धकोष्ठ नाही. पोटातून जोर लावायचा आणि त्याच वेळी खालची वाट सैल सोडायची, हे दोन्ही एकदम जमायला बाळाला काही आठवडे लागतात. आपोआप जमतं.

घुटीबद्दल सासूबाईंशी भांडू नका, पण थांबवा. त्यांनी त्यांची लेकरं घुटीवर वाढवली, त्यांचा जीव त्यात आहे. मी दवाखान्यात आजीला खुर्चीवर बसवून विचारतो, "आजी, सहाण कुठं ठेवता? पाणी कोणतं? किती वळसे?" जायफळाचे दोन वळसे ज्यादा झाले तर बाळ गुंगीत जातं, आणि सहाणेवरचं पाणी टँकरचं असेल तर घुटीसोबत जंतूही पोटात जातात. घुटी मधात देत असाल तर आजच बंद करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही नाही, चाटवायलाही नाही. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना त्यांचा काही त्रास होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा शी बंद होणं हेच असतं, मग ओढून पिणं कमी होतं, रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते. म्हणून विचारतो, मध दिलाय का? दिला असेल आणि बाळ मलूल वाटत असेल, तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात न्या.

तुमच्या जेवणातल्या वांग्यानं किंवा हरभऱ्याच्या डाळीनं बाळाला वायू होत नाही. तुम्ही पोटभर जेवा.

आता मोठीकडे.

तुम्ही लिहिलंत "रोज किंवा एकाआड एक होते", आणि त्यामुळेच घरात कुणाला तो आजार वाटला नाही. पण लेकरांमध्ये बद्धकोष्ठ दिवस मोजून ठरत नाही. रोज लेंड्यांसारखे चार खडे पडतात आणि लेकरू किंचाळतं, तर ते बद्धकोष्ठच आहे. चौथ्या दिवशी मऊ शी विनात्रास होते, ते नाही.

तिचं बघून मला एक विचारायचंय. शी लागते तेव्हा ती काय करते? बहुतेक आया सांगतात, "डॉक्टर, किती जोर लावते बिचारी, लाल होते, घाम येतो." मागच्या हिवाळ्यात एक अडीच वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला होता. मी आईशी बोलत होतो तेवढ्यात तो तिच्या मांडीवरून उतरला, टेबलाच्या मागं गेला, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला, चवड्यांवर उभा राहिला, पाय एकमेकांवर आवळले आणि तोंड लाल करून गप्प उभा राहिला. आई म्हणाली, "बघा, आता जोर लावतोय." मी म्हटलं, "माय, तो जोर लावत नाही, तो आवरून धरतोय." शी बाहेर येऊ नये म्हणून सगळी ताकद लावलेली असते. मिनिटभरानं लागलेली जाते, आणि लेकरू परत खेळायला लागतं. तुमची मुलगी कोपऱ्यात जाते, दाराची चौकट धरते, पाय आवळते, पलंगामागं लपते का, ते दोन दिवस नुसतं बघा. बहुतेक दिसेलच.

हे का होतं ते समजलं तर पुढचा सगळा उपाय समजतो. कधीतरी एकदा शी कडक झाली. ताप आला असेल, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं असेल, किंवा अंगावरचं सुटून दुधाची बाटली लागली तेव्हापासून झालं असेल. त्या कडक खड्यानं खालच्या वाटेला बारीक चीर पडली, कदाचित शीवर रक्ताची रेघही दिसली असेल. लेकराला एवढंच कळलं की शी म्हणजे दुखणं. मग पुढच्या वेळी लागली की ते आवरून धरतं. धरलेली शी आत थांबते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी सुकते, आणखी मोठी होते. आता ती निघते तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त दुखते. म्हणजे लेकराची भीती खरी ठरते. असं दोन-तीन महिने चाललं की गुदाशय, म्हणजे शी साठायची शेवटची पिशवी, ताणून मोठी होते. जुन्या चड्डीचं इलॅस्टिक ढिलं पडतं तशी. मग ती भरली तरी लेकराला कळत नाही.

आणि चड्डीला पातळ लागतं म्हणालात, त्याचं कारण इथंच आहे. आत कडक गोळा अडकलेला असतो, वरची पातळ शी त्याच्या कडेनं पाझरते. लेकराला ते कळतही नाही, त्याला रागावून उपयोग नाही. घरचे म्हणतात कधी घट्ट कधी पातळ, पोट बिघडलंय. काही ठिकाणी यावर जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं, आणि गोळा आणखी पक्का होतो. तुम्ही तसं काही आणलं असेल तर देऊ नका.

आता दुधाचा हिशोब मांडू. चार बाटल्या, प्रत्येकी पाव लिटर, म्हणजे दिवसाला एक लिटर. घरच्या म्हशीच्या दुधाच्या एका लिटरमध्ये साधारण १००० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत एक ते तीन वर्षांच्या लेकराची दिवसाची गरजही जवळपास तेवढीच धरलीय. म्हणजे लेकराचं पोट दुधानंच भरलं. भूक उरणार कुठून? "जेवत नाही" ही तक्रार खरी आहे, पण त्याचं कारण चार बाटल्यांत आहे. दुधात चोथा अजिबात नाही, त्यामुळे शीला आकार द्यायला, पाणी धरून ठेवायला काही मिळत नाही. लोहही नावालाच. या वयाला रोज ८ मिलिग्रॅम लोह लागतं, लिटरभर दुधातून जेमतेम एक-दीड मिळतं, आणि दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. तुमची मुलगी फिकट दिसते का, माती किंवा भिंतीचा पोपडा खाते का, ते लिहिलं नाही. माझ्याकडे अशी दूधपिती लेकरं येतात तेव्हा मी हिमोग्लोबिन बघतोच. या वयाला ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे.

बिस्किटाबद्दल थोडं कडक बोलतो. पाच रुपयांचा पुडा म्हणजे मैदा, साखर आणि तेल. दुधात बुडवून लेकराला मऊ लागतो, आजीला देणं सोपं जातं, म्हणून घराघरात तोच न्याहारी झालाय. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर पहाटे चारला आई फडात जाते, आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते, आणि दिवसभर तोच पुडा. त्या मायलेकरांना मी "तासातासाला ताजं जेवण द्या" असं सांगितलं तर तो माझा मूर्खपणा ठरेल. त्यांना मी सांगतो की रात्रीच डब्यात भाकरीचा चुरा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट गुळात कालवून ठेवा, तो दिवसभर टिकतो, आणि बहिणीच्या हातात पाण्याची झाकणाची बाटली द्या. तुमच्या घरात सासूबाई आहेत, चूल आहे, म्हैस आहे. तुम्हाला याहून बरंच काही जमेल.

भाकरी जड पडते हा समज मला मराठवाड्यात सगळ्यात जास्त खटकतो, कारण आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं अन्न आपणच लेकरापासून लांब ठेवतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो, मैद्यात तीनच्या आत. सव्वादोन वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण सात-आठ ग्रॅम चोथा पुरे. पाव भाकरी, वाटीभर वरण, थोडी पालेभाजी आणि एक फळ, एवढ्यात तो भरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली "परभणी शक्ती" नावाचं ज्वारीचं वाण दिलंय, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. शेतात पेरा असेल तर त्यातलंच पीठ लेकराला द्या, नसेल तर घरात आहे ती ज्वारी उत्तम.

जड पडते ती कोरडी भाकरी, आणि तेही दात पुरते आलेले नाहीत म्हणून. गरम भाकरी पातळ वरणात चुरा, वर चमचाभर तूप किंवा करडईचं तेल घाला, झाकून दहा मिनिटं ठेवा, मग हातानं कालवून द्या. बोटांत दाबल्यावर गुठळी राहता कामा नये. सकाळी ज्वारीच्या कण्या, मऊ शिजवून, गुळाचा खडा घालून किंवा ताकात. हुलग्याचं माडगं चालेल, पातळ आणि तिखट न करता. तांदुळजा, मेथी, चाकवत, चिगळ, जी भाजी दारात मिळेल ती वरणातच शिजवून घोटा, वेगळी दिली तर ती थुंकेल. अंडं खात असाल तर रोज एक. फळात पपई आणि पेरू. पेरू हिवाळ्यात पिकलेला, बिया काढून, चमच्यानं खरवडून. मोसंबीच्या फोडी सोलून, पण रस काढून नको, कारण रसात चोथा राहत नाही. आठ-दहा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून त्यांच्या पाण्यासकट द्या. केळीनं खडा होतो म्हणतात, पण तो कच्च्या केळीनं होतो, पिवळं धमक पिकलेलं केळ बिनधास्त द्या. आख्खे शेंगदाणे, फुटाणे, हुरड्याचे दाणे मात्र या वयात नकोत, श्वासात अडकतात. शेतात हुरडा पार्टीला लेकराच्या हातात दाणे देऊन सगळे गप्पांत रंगतात, आणि रात्री धावपळ होते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, लेकरू अंगणात खेळून घामानं भिजतं आणि परत येऊन दूध पितं, पाणी मागत नाही. दर तासा-दीड तासानं पेल्यातून चार घोट पाजा. टँकरचं असेल तर उकळून गार केलेलं. इसबगोल देऊ नका, या वयात ते घशात अडकू शकतं, आणि पाणी कमी पडलं तर आतड्यातही गोळा होतो.

आता दूध कमी कसं करायचं. आकडा आहे दिवसाला साधारण ४०० मिलिलिटर, म्हणजे लहान दोन पेले, दही-ताक त्यातच धरून. बाटली पूर्ण बंद, दूध फक्त पेल्यातून आणि फक्त जेवणानंतर. एकदम तोडू नका. तीन-तीन दिवसांनी एक बाटली कमी करा, दुपारची आधी, झोपतानाची सगळ्यात शेवटी. मधले दोन-तीन दिवस अवघड जातील. ती रडेल, ताटाकडे बघणार नाही, बाटली मागेल. बहुतेक घरांत सगळं इथंच फिसकटतं, कारण आजीचा जीव तुटतो आणि मागच्या दारानं बाटली भरली जाते. म्हणून पहिल्या दिवसाच्या आधी सासूबाईंना सोबत बसवा आणि सांगा की हे तिची भूक परत आणायला करतोय. भरवायचं काम त्यांच्याकडेच द्या. आजीच्या हातचं लेकरू जास्त खातं, माझ्याकडच्या कितीतरी घरांत हे बघितलंय.

पण ताई, आहार बदलला की लगेच शी सुधारेल असं समजू नका. आधी आतला गोळा निघायला हवा आणि भीती जायला हवी, आणि त्याला औषध लागतं. जवळच्या लेकरांच्या डॉक्टरांकडे न्या, त्यांनी पोट चाचपू द्या. ते बहुधा लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पीईजीची पावडर देतील. दोन्ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, रक्तात जवळजवळ जात नाहीत. मात्रा वजनावर ठरते म्हणून इथं लिहीत नाही. पहिले काही दिवस गोळा काढायला जास्त, मग मऊ ठेवायला कमी. लॅक्टुलोजनं सुरुवातीला पोटात वायू गुडगुडेल, आठवड्यात कमी होतो.

औषध किती दिवस, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कमीत कमी दोन महिने, आणि बंद करण्याआधी निदान एक महिना तरी रोज मऊ, विनात्रास शी झालेली हवी. मग हळूहळू कमी करत बंद. सुरुवातीच्या वर्षांत मीही पाच दिवसांची बाटली देऊन मोकळा व्हायचो. लेकरू सुधारायचं, आई औषध बंद करायची, महिनाभरात परत तेच, आणि आता भीती दुप्पट. ढिली पडलेली पिशवी पूर्ववत व्हायला महिने लागतात हे मला तेव्हा आई-बापांना समजावता आलं नाही, ती चूक माझीच होती. "सवय लागेल, आतडं आळशी होईल" ही भीती सगळ्यांना वाटते. या दोन औषधांनी सवय लागत नाही. शी आवरून धरायची सवय मात्र लागते, आणि ती शाळेपर्यंत जाते.

एरंडेल नको. पोटात मुरडा येतो, एकदम ढाळ लागतात, दोन दिवसांनी परत खडा, आणि जबरदस्तीनं पाजताना तेल फुप्फुसात गेलं तर वेगळंच संकट. साबणाची वात, पानाचा देठ, बोट घालणं, हेही थांबवा, धाकट्यालाही आणि मोठीलाही. ज्या जागेला दुखतं म्हणून लेकरू घाबरलंय, तिथंच आपण परत परत हात घालतो. चीर असेल तर कोमट पाण्याच्या टपात दहा मिनिटं बसवा आणि खोबरेल लावा.

बसवण्याबद्दल. नव्या बाळाच्या धावपळीत तुम्ही तिला संडासात बसायला शिकवायला घेतलंय का? घेतलं असेल तर दोन महिने थांबवा. गावाकडच्या संडासाचं भांडं तिच्या पायांना रुंद पडतं, पडायची भीती वाटते, आणि घाबरलेलं लेकरू मोकळं होत नाही. त्यापेक्षा आपल्या आज्यांची पद्धत सगळ्यात चांगली. तुम्ही पाटावर बसा, पाय पुढं करून जरा फाकवा, आणि तिला तुमच्या दोन्ही पावलांवर, तोंड तुमच्याकडं करून बसवा. गुडघे पोटाशी येतात, आणि ती तुमच्या डोळ्यांत बघत असते. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, सकाळ-संध्याकाळ, पाचच मिनिटं. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, त्या वेळेचा फायदा घ्यायचा. झाली तर शाबासकी, नाही झाली तर काही बोलायचं नाही. सासूबाईंनी ही पद्धत पाच लेकरांवर केली असेल, त्यांनाच विचारा.

आत्तापर्यंतचं सगळं एकत्र सांगतो, म्हणजे घरात वाचून दाखवता येईल. धाकट्याला आईचं दूध आणि वाट बघणं, बाकी काही नाही, घुटी-मध बंद. मोठीला डॉक्टरांचं मऊ करायचं औषध निदान दोन महिने, दूध ४०० मिलिलिटरवर, बाटली आणि बिस्किट बंद, वरणात चुरलेली भाकरी, पपई-पेरू-मनुका, पाण्याचे घोट, आणि जेवणानंतर पाच मिनिटं पायावर.

अंगणवाडीतून लोहाचं पातळ औषध मिळतं, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर. मोठीला ते मिळतंय का विचारा. त्यानं शी काळपट होते, घाबरू नका. जंताची गोळीही १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमांत चुकवू नका.

यातल्या काही गोष्टी निघाल्या तर मात्र घरी थांबू नका. यापैकी कोणत्याही लेकरानं जन्मानंतरची पहिली काळी शी ४८ तासांनंतर केली होती का, की पहिल्या महिन्यापासूनच त्रास आहे? असेल तर आतड्याच्या नसांचा जन्मजात दोष शोधावा लागतो. पोट फुगून ढोलासारखं आणि हिरवी उलटी, वजन महिनोन्‌महिने तिथंच, पायांत ताकद कमी किंवा कमरेच्या खाली मणक्यावर केसांचा झुबका, अंग कायम गार-सुस्त आणि आवाज घोगरा, यातलं काही असेल तरी दाखवाच. आणि धाकटा अजून दोन-तीन महिन्यांनी एकाएकी थांबून-थांबून किंचाळायला लागला, मधेच पांढरा पडला, शीत जांभळाच्या जेलीसारखं रक्त दिसलं, तर ते आतड्यात आतडं शिरल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा रात्र असली तरी अंबाजोगाई किंवा लातूरचं मोठं रुग्णालय गाठा, सकाळची वाट बघू नका.

आणखी एक शक्यता. सगळं नीट पाळूनही महिना-दीड महिन्यात मोठीला फरक पडला नाही, तर काही थोड्या लेकरांना दुधातल्या प्रथिनाचं वावडं असतं. तेव्हा डॉक्टरांच्या नजरेखाली दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून बघतात. ते आधीच करू नका, तिला जे दोन पेले दूध मिळेल तेही तुटेल आणि बदल्यात काय द्यायचं हे ठरलेलं नसेल.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून रोज तीन गोष्टी पेन्सिलीनं लिहा: दूध किती पेले, शी कशी (खडे, घट्ट, मऊ), आणि रडली का. तीन आठवड्यांनी ते पान आणि दोघांची वजनं कळवा. तोवर धाकट्यानं बहुधा दुपट्यावर सगळी थकबाकी चुकती केलेली असेल. मोठीचं पान मात्र मला बघायचंय. खडे लिहायचे थांबून सलग आठ-दहा दिवस "मऊ" दिसायला लागलं आणि चौकट धरून उभं राहणं कमी झालं, की पुढची मात्रा कशी कमी करायची ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवू.